स्फटिकाचा कल आणि कृष्णन्

सर चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांचें नांव निघालें म्हणजे त्याच्या मागोमाग करियमाणिक्कम् श्रीनिवास कृष्णन् हें नांव हलक्या आवाजांत घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. १९२८ च्या फेब्रुवारींत कलकत्त्यास प्रकाशाचा जो नवा परिणाम सांपडला त्यांत कृष्णन् ह्यांचा हात होता, ‘नेचर’मधील पहिल्या टिपणावर दोघांचींहि नांवें आहेत, नोबेल पारितोषिक मात्र १९३० सालीं एकट्या रामन् ह्यांस मिळालें; एवढें सांगितलें कीं वाचक हळहळतो आणि प्रकरण मिटतें. आम्हांस ही हळहळ कांहींशी अस्थानीं वाटते. तिच्या भरांत कृष्णन् ह्यांचें जें अगदीं स्वतःचें कार्य, त्याची विचारपूसच होत नाहीं.

त्या कार्याचें बीज मात्र कलकत्त्याचेंच. चुंबकाच्या क्षेत्रांत ठेविलेल्या द्रवांतून प्रकाश जातांना त्यांत कोणता फरक पडतो, ह्याचा अभ्यास रामन् व कृष्णन् ह्यांनीं १९२७ त केला होता. बेंझीनसारख्या चपट्या रेणूवर चुंबकाचा परिणाम सर्व दिशांनीं सारखा होत नसावा, असें त्यावरून दिसत होतें. पण द्रवांतले रेणु म्हणजे जत्रेंतलीं माणसें; कोणाचें तोंड कोणीकडे ह्याचा मेळ नाहीं. स्फटिकांत तेच रेणु कवाइतीच्या शिपायांप्रमाणें नेमक्या रोखानें उभे असतात. तेव्हां रेणूचा स्वभाव विचारावयाचा तर तो स्फटिकासच विचारला पाहिजे. चुंबकाच्या ध्रुवांमध्यें टांगलेला बिस्मथचा स्फटिक विशिष्ट दिशेकडे वळतो, हें फॅरडेनें १८४८ सालींच पाहिलें होतें; परंतु त्या वळण्याचा रेणूशीं हिशेब जुळविणें पुढल्यांसाठीं उरलें होतें.

१९२८ च्या डिसेंबरांत कृष्णन् ढाका विद्यापीठांत रीडर म्हणून गेले. सत्येंद्रनाथ बोस तेथें पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ह्याच मुक्कामांत कृष्णन् ह्यांनीं स्फटिक टांगावयास आरंभ केला, आणि पुढें शांतिलाल बॅनर्जी ह्यांच्यासह मोजमापाची जी रीत बसविली तिचें कौतुक करावें तितकें थोडें. लहानसा स्फटिक, त्यास धरणारा क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतु, आणि दोहों बाजूंस चुंबक. स्फटिक आपल्या आवडत्या दिशेस लागून स्थिर होतो. मग तंतूचें वरचें टोक हळूहळू पिळावयाचें. स्फटिक प्रथम हट्टानें जागा धरून राहतो, नंतर थोडाथोडा ढळूं लागतो, आणि सुमारें ४५ अंश ढळल्यावर त्याचा निग्रह संपून तो एकाएकीं गर्रकन् फिरतो. त्या घटकेस वरच्या टोकास किती पीळ दिला होता तो कोन वाचला कीं स्फटिकाच्या दोन दिशांतील चुंबकीय गुणाचा फरक गणितानें निघतो. बुद्धि ती सर्व रीतींत. उपकरण तसें साधेंच.

डांबरगोळीच्या नॅफ्थलीनचे, अँथ्रासीनचे, असे कितीतरी स्फटिक त्यांनीं तपासले. चपट्या रेणूच्या पातळीशीं काटकोन करणाऱ्या दिशेंत चुंबकास होणारा विरोध फार मोठा, पातळींत तो पुष्कळच कमी. म्हणजे स्फटिक कसा वळतो ह्यावरून आंतले रेणु कसे कललेले आहेत हें सांगतां येऊं लागलें. क्ष-किरणांनीं स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल ह्यांनीं आणि कृष्णन् ह्यांनीं १९३६ सालीं ह्या विषयावर मिळून निबंध लिहिला. केकुले ह्यांनीं १८६५ त बेंझीनचें कडें कल्पिलें, तें रसायनज्ञांच्या कामाची एक आकृति होती. त्या कड्याभोवतीं इलेक्ट्रॉन खरोखरच फिरतात, ते एकाच अणूस बांधलेले नसतात, ह्या कल्पनेस चुंबकीय मापांचा आधार मिळाला. पाउलिंग व लंडन ह्यांनीं तिची उपपत्ति १९३६-३७ त मांडली. ग्रॅफाइट म्हणजे अशाच कड्यांचा अफाट विणलेला पदर. गांगुली व कृष्णन् ह्यांचा त्यावरील निबंध १९४१ चा. पदराच्या आडव्या रोखापेक्षां उभ्या रोखानें त्याचा विरोध सुमारें ४० पट भरतो. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत कृष्णन् प्रथम रसायनाचेच डेमॉन्स्ट्रेटर होते, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत. १९३३ त ते कलकत्त्यास परतले, १९४० त रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १९४२ त अलाहाबादेस गेले, आणि १९४७ त दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. नव्या राष्ट्रास प्रयोगशाळा हव्या होत्या, त्या उभारणारे हवे होते. तरी इतक्या बारीक हाताचा माणूस समित्यांत बसावा लागला ह्याचें आम्हांस वाईट वाटतें, आणि पारितोषिकाच्या हळहळीपेक्षां ही हळहळ अधिक रास्त आहे असें आम्ही म्हणूं. त्यांनीं प्रयोग सोडला मात्र नाहीं. १९५२ सालीं तापलेल्या पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरील त्यांचें काम प्रसिद्ध झालें. त्यांत पहिला पदार्थ तपासला होता तो ग्रॅफाइटच.