बेल्ट, गदा आणि एक नंबरची कुस्ती

सध्या मुक्काम के. आर. पुरम, बंगळूर. झुलता पूल, त्याखाली रेल्वे, डोक्यावर मेट्रो आणि चोवीस तास हॉर्न. या गोंगाटात एका दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर ब्राझिलियन जिउ-जित्सूचा वर्ग चालतो. गेल्या पावसाळ्यात तिथे नाव घातलं. वय सेहेचाळीस, उजवा गुडघा कुरकुरणारा, बेल्ट पांढरा.

माझ्याबरोबरच निपाणीकडचा एक पोरगा आला. दिवसा घरोघर पार्सलं पोचवतो, लहानपणी गावच्या तालमीत माती खाल्लेला. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन वर्षं शिकलेल्या एका निळ्या बेल्टला पट काढून असा आपटला की वर्ग थांबला. आपटला गेलेला इंजिनिअर उठून म्हणाला, "हा व्हाइट बेल्ट कसा?" पुढच्याच फेरीत साठ किलोच्या जांभळ्या बेल्टवाल्या मुलीने त्याच पोराचा गळा तीनदा आवळला, तेव्हा हाच प्रश्न कुणी उलटा विचारला नाही.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. बेल्ट नेमकं काय सांगतो?

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान काढलं आणि ज्युडो शिकवायला घेतला. 'दान' ही श्रेणी त्यांनी गो या पटावरच्या खेळातून उचलली. कोडोकानचा मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ग्रेसी कुटुंब शिकलं आणि पुढे जमिनीवरच्या झटापटीचा हा वेगळाच खेळ झाला. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि बेल्ट देतो गुरू, पंच नव्हे. स्पर्धेत मात्र बेल्ट म्हणजे गट: निळा निळ्याशी, जांभळा जांभळ्याशी. त्यामुळे निळ्या गटातलं सुवर्ण इतकंच सांगतं, की हा निळ्यांत भारी.

बेल्ट बाजूला ठेवून खेळवलं की काय होतं, तेही दिसलंय. अबुधाबीत 1998 ला सुरू झालेल्या एडीसीसी स्पर्धेत बेल्टचे गट नाहीत, फक्त वजनाचे. 2003 मध्ये साओ पावलोत तीन वेळचा विजेता, काळ्या बेल्टचा रॉयलर ग्रेसी एका तपकिरी बेल्टवाल्याकडून, एडी ब्राव्होकडून, पायांच्या त्रिकोणात गळा अडकून हरला. ब्राव्होला काळा बेल्ट मिळाला तो त्यानंतर. संघटनेलाही हे ठाऊक आहे. म्हणून तर तिच्या नियमांत ज्युडोतल्या काळ्या बेल्टवाल्याला पांढऱ्या गटात उतरता येत नाही.

आपल्याकडे बेल्ट नव्हता. लंगोट सगळ्यांचा सारखाच. पण दर्जा नव्हता असं कोण म्हणेल? जत्रेतलं मैदान आठवा. सुरुवात पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. मग पंच नजरेनेच खांदे-मांड्या जोखून जोड लावतात, इनाम चढत जातं आणि दिवस मावळताना एक नंबरची कुस्ती. पैलवान कोणत्या नंबरला लढतो तोच त्याचा बेल्ट. फरक एवढाच, की तो वस्तादाने कमरेला बांधलेला नसतो. मागच्या जत्रेत काय केलं त्यावर ठरतो, आणि एका चितपटीत खालीही येतो.

पुढे किताब आले. 1959 मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. इथे एक गोम आहे. केसरीचा गट म्हणजे सगळ्यात वजनदार गडी. आजच्या नियमाने 86 ते 125 किलो. हलका पैलवान कितीही तयारीचा असला तरी ही गदा त्याच्या आवाक्याबाहेरच.

आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते हलक्याच गड्याने. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 ला लंडनमध्ये सहावे. 1952 ला हेलसिंकीसाठी पैसे जमेनात, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गट 57 किलोचा, पदक कांस्य. त्या वेळी महाराष्ट्र केसरी नव्हती, पण असती तरी खाशाबांना ती कुठली मिळायला! त्या गटाचं सुवर्ण नेलं जपानच्या शोहाची इशीने, आणि तो मूळचा ज्युडोवाला. युद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये शाळांतून ज्युडोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. तिथे त्याचा बेल्ट विचारायला कोण बसलं होतं?

म्हणून किताब पोकळ, असंही नाही. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं. मान्यांचं पदक आधीचं, हिंदकेसरी ते 1964 ला झाले. नरसिंग यादवने तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकली आणि 2015 च्या जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात कांस्यही मिळवलं. उलट पाटोद्याचा राहुल आवारे. 2018 ला राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 ला जागतिक कांस्य, पण केसरीची गदा नाही. गावात मिरवणुकीला जास्त माणूस कुणासाठी जमेल, ते तुम्ही मला सांगू नका.

फौजेतल्या मंडळींना यात ओळखीचं काही वाटलं तर नवल नाही. खांद्यावरचा दर्जा दुसरे देतात, वर्षं मोजून आणि कागद वाचून. यंदाच्या यादीत माझं नाव नव्हतं. कोर्समेटचे फोन आले, एकाने तर सांत्वनाला मिठाई पाठवली (ती का, हे मला अजून कळलेलं नाही). त्या संध्याकाळी मी वर्गाला गेलो. निपाणीच्या पोराने मला चार वेळा पाडलं, पाचव्यांदा मी त्याचा हात धरून तग धरला. खरं सांगतो, त्या दिवसातली तेवढी पाच मिनिटं बरी गेली.

आता पुढच्या महिन्यात शहरात स्पर्धा आहे. पोराला पांढऱ्या गटात उतरवावं की नाही, यावर वर्गात दोन तट पडले. इंजिनिअर म्हणतो, हा अन्याय आहे. प्रशिक्षक म्हणतात, जमिनीवर त्याला अजून काही येत नाही, त्यामुळे पांढराच. मला दोघांचंही पटतं. पोराला मी सगळं समजावून सांगितलं: गट, वजन, गुण, वेळ. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला,

"साहेब, इनाम किती हाय?"

"इनाम नाही रे, मेडल."

"आन् भाडंतोडं?"

"तेही नाही. उलट आपणच अठराशे रुपये भरायचे."

पुलाखालच्या चहाच्या टपरीपर्यंत तो हसतच होता.