रोग्याच्या हातचा कुंचला

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. हात पसरून उभा असलेला पाद्री आणि समोर कोसळणारी बाई. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेले हे शिल्प कित्येक गोमंतकीयांनी बस पकडता पकडता पाहिलेले असते. कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये संमोहनाविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलाही चुंबकी प्रवाह वाहत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते, असे त्याचे म्हणणे. पुतळ्याकडे पाहणाऱ्याला मात्र नेमके उलटे वाटते, सगळी शक्ती त्या पसरलेल्या हातांतच आहे असे!

या फारियावर १९२५ साली लिस्बनच्या एका मेंदूतज्ज्ञाने पुस्तक लिहिले. त्याचे नाव एगास मोनिझ. पुढे दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३५ मध्ये, याच मोनिझने शल्यचिकित्सक आल्मेदा लीमा याच्या हातून मनोरुग्णाच्या मेंदूवर पहिली ल्युकोटॉमी करवली. कवटीला भोके पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू निकामी करायचे, म्हणजे रोगी शांत होतो. १९४९ साली मोनिझला या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच अमलाखाली होता. मनाची शक्ती रोग्याच्याच ठायी आहे म्हणणाऱ्या गोमंतकीयाचा चरित्रकार आणि रोग्याच्या मेंदूवर शस्त्र चालवू पाहणारा डॉक्टर एकच, हा इतिहासाचा विचित्र योगायोग म्हटला पाहिजे.

हे सांगण्याचे कारण असे की त्याच काळात मनाच्या आजारावर एक अगदी वेगळा मार्ग आकाराला येत होता. त्यात शस्त्र नव्हते, कागद आणि रंग होते. आज त्याला आर्ट थेरपी किंवा कलोपचार म्हणतात. पण हा मार्ग सरळ नव्हता. रोग्याने काढलेले चित्र कुणासाठी असते, डॉक्टरसाठी, रसिकांसाठी की रोग्यासाठी? या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो.

सुरुवात जर्मनीतल्या हायडेलबर्गपासून करू. हान्स प्रिन्झहॉर्न हा मनोविकारतज्ज्ञ कलेच्या इतिहासाचाही अभ्यासक. १९१९ ते १९२१ या काळात त्याने निरनिराळ्या वेड्यांच्या इस्पितळांतून सुमारे पाच हजार चित्रे आणि वस्तू जमवल्या. त्यावरचे त्याचे पुस्तक १९२२ साली आले आणि माक्स एर्न्स्टसारखे चित्रकार त्याने भारावून गेले. चित्रांचे कौतुक झाले, पण चित्रकारांचे काय? फ्रान्झ कार्ल ब्यूलर हा त्या संग्रहातला एक श्रेष्ठ चित्रकार. पुस्तकात त्याचे नाव बदलून छापले होते. नाझींनी १९४० साली ग्राफेनेक येथे त्याला ठार मारले, कारण तो मनोरुग्ण होता. त्याआधी याच संग्रहातली काही चित्रे नाझींनी ‘अधःपतित कला’ या प्रदर्शनात टिंगलीसाठी मांडली होती. चित्राला मान आणि माणसाला मरण, अशी ही पहिली पायरी.

उपचार म्हणून चित्रकलेला नाव मिळाले ते वेगळ्याच रोगामुळे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार. १९३८ साली त्याला क्षय झाला आणि ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये तो दाखल झाला. स्ट्रेप्टोमायसिनच्या आधीचा तो काळ. क्षयावर उपाय म्हणजे स्वच्छ हवा आणि महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणे. हिल पडल्या पडल्या समोर दिसेल ते रेखाटू लागला आणि मन सावरते आहे असे त्याला जाणवले. मग त्याने इतर रोग्यांना आणि युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांना शिकवायला सुरुवात केली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याने १९४२ साली वापरला. चित्र काढून फुफ्फुस बरे होत नाही, पण आजाराने माणूस आतून पोखरला जातो त्याला आळा बसतो, एवढेच त्याला म्हणायचे होते.

एडवर्ड अ‍ॅडमसन हाही इंग्रज चित्रकारच. १९४६ साली सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात त्याची नेमणूक झाली ती मात्र संशोधनाच्या कामी. ल्युकोटॉमीनंतर रोग्यांच्या चित्रांत काय फरक पडतो, हे तिथल्या डॉक्टरांना तपासायचे होते. मोनिझचे शस्त्र असे सरेपर्यंत पोचले होते! चित्र म्हणजे एक्स-रेसारखा पुरावा, अशी ती दृष्टी. अ‍ॅडमसनने काम स्वीकारले, पण त्याची रीत निराळी. तो शिकवत नसे, सुचवत नसे, चित्राचा अर्थही सांगत नसे. प्रत्येकाला बसायला जागा आणि रंग देऊन तो शांतपणे जवळपास राही. इस्पितळात जिथे प्रत्येक गोष्ट दुसरा ठरवतो, तिथे कुठला रंग घ्यायचा एवढे तरी रोग्याने ठरवावे, हा त्यामागचा अर्थ. पस्तीस वर्षे त्याने हे काम केले आणि हजारो चित्रे जपली.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती ब्राझीलची नीझे दा सिल्व्हेरा. साम्यवादी पुस्तके बाळगल्याबद्दल १९३६ साली ही डॉक्टर बाई तुरुंगात गेली आणि सुमारे दीड वर्ष आत राहिली. १९४४ साली रिओ दि जानेरोच्या सरकारी मनोरुग्णालयात ती परत रुजू झाली, तेव्हा विजेचे झटके, इन्शुलिन आणि लोबोटॉमी हे नवे उपचार जोरात होते. ‘मी हे करणार नाही’ असे तिने वरिष्ठांना सांगितले. सरकारी खात्यात असा नकार म्हणजे काय हे आम्हा नोकरदारांना चांगले कळते. तिला व्यवसायोपचाराचा, म्हणजे झाडलोट आणि शिवणटिपणाचा, कुणालाही नको असलेला विभाग मिळाला. तिथेच १९४६ साली तिने चित्रशाळा उघडली.

तिथले रोगी गरीब, वर्षानुवर्षे विसरले गेलेले. फर्नांदो दिनीझ, अदेलीना गोमिश, एमीग्दियु दि बारुस ही नावे पुढे ब्राझीलच्या कलेच्या इतिहासात गेली. नीझे त्यांना रोगी न म्हणता ‘क्लिएंत’ म्हणे. आपल्याकडे वकिलाचा असतो तसा अशील. म्हणजे ज्याचे काम आपण करतो आहोत तो. १९५२ साली तिने इस्पितळातच या चित्रांचे संग्रहालय उभारले. चित्रांत पुन्हा पुन्हा मंडलाकृती दिसू लागल्या तेव्हा तिने युंगला पत्र लिहिले, आणि १९५७ साली झुरिकच्या मनोविकार परिषदेत ती चित्रे मांडली गेली. ‘यांची मने मेली आहेत’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना याहून चोख उत्तर ते काय?

मुलांच्या बाबतीतला धागा तर जीव पिळवटणारा. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची ज्यू चित्रकार. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला तेरेझिनच्या छावणीत धाडले. तिथल्या उपाशी, घाबरलेल्या मुलांना ती रद्दी कागदांवर चित्रे काढायला शिकवी आणि प्रत्येकाला चित्रावर स्वतःचे नाव लिहायला लावी. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झला तिची हत्या झाली. तिच्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. मागे राहिल्या त्या दोन सुटकेसमधल्या सुमारे साडेचार हजार चित्रांच्या नावनिशाण्या. तिचीच विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला निसटली आणि तिथे बिघडलेल्या, मार खाल्लेल्या मुलांबरोबर काम करून अमेरिकेतल्या कलोपचाराची एक आधारस्तंभ ठरली.

तिथेच मार्गारेट नौमबर्ग दुसरे मत मांडत होती. चित्र हे अंतर्मनाचे बोलणे आहे, त्यावर उपचारकाशी बोलले तरच गाठ सुटते, असे ती म्हणे. क्रेमरचे म्हणणे, चित्र घडवणे हाच उपचार. हा वाद अजून मिटलेला नाही. अनुभवी उपचारक समोरचा माणूस पाहून मार्ग निवडतात. मूल असेल तर आधी माती, रंग, खेळ. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध असेल तर अर्थ शोधण्यापेक्षा हात चालता ठेवणे महत्त्वाचे. आणि आघात सोसलेल्या माणसाला जे बोलवत नाही ते आधी कागदावर उतरू द्यायचे.

मग याचा उपयोग सिद्ध झाला आहे का? इथे भाबडेपणा नको. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना गट-कलोपचाराची जोड दिल्याने दोन वर्षांनी काही विशेष फरक दिसला नाही. अर्थात बरेच जण वर्गांना फारसे आलेच नव्हते. औषध मोजतात त्या मापाने हे मोजावे का, हा प्रश्न रास्त आहे. पण मोजायचेच नाही असेही म्हणता येणार नाही. औषधांना हा पर्याय नव्हे, सोबत आहे.

मुक्तीपूर्व काळात आल्तिनोवर जे मनोरुग्णालय होते त्याला आबे फारियाचेच नाव होते. पुढे ते बांबोळीला गेले. आजही आपल्यात ‘बांबोळीला धाडायला हवा’ हे वाक्य शिवीसारखे वापरतात. घरातल्या आजारी माणसाला आपण आधी लपवतो, मग विसरतो. त्याच्या हातून एखादे वेडेवाकडे चित्र उतरले तर ते कसे आहे, त्याचा अर्थ काय, हे लगेच विचारू नये. मागे त्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. अ‍ॅडमसनचे रोगी आपल्या चित्रांमागे तेच लिहीत.