पहाटे तीनची शिफ्ट

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'अं' काढलेत.

सुरुवात माझ्याच रडगाण्याने करते. मागच्या वर्षी सलग दोन महिने मी ऑन-कॉल होते. म्हणजे काय, तर रात्री सर्व्हर कोलमडला की फोन वाजणार, आणि मी अंथरुणातच लॅपटॉप उघडून बसणार. एका रात्री तीन वाजता असं झालं. पहाटे पाचला काम संपलं, सहाला डोळा लागला, आणि सात वाजता फोनमधल्या एका अ‍ॅपने विचारलं, 'आज स्वतःसाठी दहा मिनिटं काढलीत का?' खरं सांगते, फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

मग आजीला फोन केला. आजी सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या गावात असते. तिला म्हटलं, "आजी, रात्री तीनला उठून काम केलं गं." ती म्हणाली, "मग त्यात काय? आमी रोजच उठायचो. दळन कोन दळनार?"

आणि मग पुढे, अगदी सहज, "तेवडाच काय तो आमचा येळ व्हता."

हे वाक्य डोक्यातून जाईना. पहाटे तीनला उठून दगड फिरवायचा, आणि तोच आपला वेळ? मी शोधायला लागले. आजचा भाग त्याच शोधाचा आहे.

आधी काम समजून घेऊ, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी जातं फक्त हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं पाहिलंय. दोन गोल दगड, एकावर एक. खालचा स्थिर, वरचा फिरणारा. वरच्याला लाकडी खुंटा. मधल्या भोकात मुठीने वैरण घालायची, म्हणजे दाणे, आणि खुंटा धरून दगड फिरवत राहायचा. पीठ कडेने पडतं. पीठ साठवून ठेवायची फारशी पद्धत नव्हती, त्यामुळे जेवढ्या भाकरी, तेवढं दळण, आणि तेही जवळपास रोज. आजीच्या घरात तेव्हा तेरा माणसं होती. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची, नाहीतर दाणे नुसते भरडतात. दिवस उजाडला की पाणी, शेण, चूल, शेत. मग दळायचं कधी? सगळे झोपलेले असताना.

जड जातं असलं तर दोघी लागतात. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. आणि हात चालू झाले की ओवी चालू.

आता गंमत बघा, ही ओवी किती जुनी असावी? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, ११२९ सालचा. राजाने काय खावं, काय खेळावं, हत्ती कसे पाळावेत, असं सगळं त्यात आहे. त्या राजेशाही पसाऱ्यात एक छोटीशी नोंद येते की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. कांडण म्हणजे उखळात मुसळाने धान्य कांडणं, जात्याची शेजारीणच. ज्ञानेश्वरी आली १२९० मध्ये. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ज्या छंदात गीता सांगितली, त्याच्याशी नातं असलेलं गाणं त्याआधी निदान दीडशे वर्षं बायकांच्या तोंडी होतं. शाळेत आपल्याला ओवी म्हणजे ज्ञानेश्वर एवढंच शिकवलं. उखळापाशी बसलेल्या बाईंना परीक्षेत मार्क नव्हते.

ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी सारखी नाही. ग्रंथातली मोजून चार चरणांची, तीन यमकाचे आणि चौथा आखूड. जात्यावरची बहुतेक दोन ओळींची. शब्द कमी पडले तर 'गं बाई' घालायचं, अक्षर लांबवायचं, पण दगडाचा फेरा भरून काढायचा. एकीने ओळ उचलायची, दुसरीने पुढे न्यायची. दुसरी नसेल तर? संत जनाबाईंच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल येऊन त्यांच्याबरोबर दळू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं आजही दाखवतात. मला त्या कथेत चमत्कारापेक्षा एक अगदी साधी गरज दिसते. नामदेवांच्या घरातली ही दासी पहाटे एकटी दळते आहे, आणि तिने देवाकडे मोक्षाच्या आधी काय मागितलं असेल, तर खुंट्यावर दुसरा हात.

या ओव्या कुणी लिहून ठेवल्या का? थोड्याफार. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' नावाने मोठा संग्रह केला. खानदेशात बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात स्वतःची गाणी रचत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, मुलाने आणि नातलगांनी टिपून ठेवली, आणि त्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या.

पण सगळ्यात मोठं काम झालं ते पुण्याच्या पश्चिमेला. हेमा राइरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ हे दोघे १९८० च्या दशकात डोंगरी गावांतल्या गरीब बायकांबरोबर काम करत होते. त्यातून ओव्या गोळा होऊ लागल्या आणि हळूहळू महाराष्ट्रभर हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पुढे बर्नार बेल नावाचे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक आले आणि १९९० च्या दशकात शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. या मंडळींनी प्रत्येक ओवीला गाव, तालुका, गाणारीचं नाव, जात, विषय अशी माहिती जोडली. मी दिवसभर डेटाबेसमध्येच असते, म्हणून सांगते, एक लाख नोंदींना हाताने विषय लावणं म्हणजे काय असतं ते! आता हा संग्रह पी. साईनाथ यांच्या 'परी' या संकेतस्थळावर आहे, २०१७ पासून. फोनवर फुकट ऐकता येतो.

आणि यातल्या कितीतरी ओव्या मुळशी तालुक्यातल्या आहेत. माझं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे मुळशी तालुक्यातच. मी ज्या तालुक्यात रात्री तीनला लॉग वाचत बसते, तिथेच तीनला कुणीतरी दगड फिरवत गात होतं. हे कळल्यावर मी थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

त्या गाण्यांत काय असतं? राम आणि सीता, पण जास्त सीता. पंढरीची वाट. भाऊ भरपूर, कारण माहेर म्हणजे भाऊ. मुलीचा जन्म, लेकीची पाठवणी. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेब आणि बुद्ध येतात, कारण त्या बाईंसाठी देवघर तेच होतं. नवऱ्याबद्दल लाडाने कमी, तक्रारीने जास्त. सासूबद्दल तर विचारू नका.

हे सगळं ऐकून मी आईला उत्साहाने सांगितलं, "अगं, त्यांचा पॉडकास्टच होता तो!" आई बँकेत नोकरी करते, आजीला आत्या म्हणते. ती भाजी चिरत म्हणाली, "आत्यांच्या तळहातावर घट्टे बघितलेस का कधी? ते पण सांग तुझ्या पॉडकास्टात." बरोबर होतं तिचं. गावात डिझेल इंजिनवरची पिठाची गिरणी आली, तिचं पुक-पुक सुरू झालं, तेव्हा एकीनेही 'आता ओव्यांचं कसं होणार' म्हणून गळा काढला नाही. डोक्यावर पाटी घेऊन सगळ्या गिरणीवर गेल्या. आजी म्हणते, त्या दिवशी ती पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपली. जातं माळ्यावर गेलं. लग्नाची हळद दळायला तेवढं खाली यायचं.

मागच्या दिवाळीत मी ते खाली उतरवलं. आधी नुसतंच म्हटलं होतं, "आजी, ओवी म्हण ना, रेकॉर्ड करते." ती म्हणाली, "म्होरं जातं न्हाई, आन् गानं कसलं म्हनू?" म्हणून चुलतभावाला हाताशी धरून जातं पडवीत मांडलं, शेरभर ज्वारी आणली. आजी एका बाजूला, मी दुसऱ्या. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला. तिचा आवाज मात्र चौथ्या-पाचव्या फेऱ्याला आपोआप निघाला. मला कधीच माहीत नसलेला आवाज, वरच्या पट्टीतला.

तिने आईबापावर गायलं, वाईच्या घाटावर गायलं. मग थांबली आणि म्हणाली, "या जागंवर थोरल्या जाऊबाई बसायच्या." या थोरल्या आजीबद्दल मी इतकंच ऐकलं होतं की दोघींचं कधी पटलं नाही. चुलीवरून, दुधावरून, कुणाच्या पोराला किती तूप यावरून. दिवसभर बोलणं नसायचं. "मग जात्यावर गं?" मी विचारलं. "जात्यावर कसलं भांडान? तिथं ती तिचं म्हनायची, मी माजं म्हनायचे. ऐकायला तिसरं कोन हुतं?"

मला वाटतं, आनंद इथे होता. गाणं कामातून सुटका देत नव्हतं, काम तर तेवढंच राहायचं. पण त्या घरात, त्या वेळी, त्या दोघींचं बोलणं ज्यांच्याबद्दल होतं ते सगळे झोपलेले असायचे. दगडाची घरघर मोठी. एक बाई मनातलं म्हणायची, दुसरी ते ऐकून पुढची ओळ द्यायची, आणि उजाडल्यावर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. आम्हाला ऑफिसात 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर तासभराचं सत्र झालं होतं, कॅमेरे चालू ठेवून, मॅनेजरसमोर. तिथे कोण काय बोलणार!

रेकॉर्डिंग एकूण चौदा मिनिटांचं झालं. शेवटून दुसरी ओवी जाऊबाईंची होती, त्यांनी स्वतः रचलेली, नवऱ्यावर. आजीने ती म्हटली, हसली, आणि मग तिचं लक्ष खुंट्याशेजारी ठेवलेल्या माझ्या फोनकडे गेलं.

"ही पन भरली का त्यात?"

"हो."

"ती तेवडी पुसून टाक. तिचा ल्योक ऐकंल."

काका पुण्यातच असतात, आणि हा पॉडकास्ट ऐकतात. तुम्ही ऑडिओ ऐकला असेल तर अकराव्या मिनिटाला एक कट जाणवला असेल. तो तांत्रिक बिघाड नाही. पीठ जाडंभरडं निघालं होतं. आजीने ते चाळलं, वरचा कोंडा म्हशीला घातला, आणि उरलेल्याच्या सहा भाकरी झाल्या.