मानाच्या भिंतीवर कोणाची तसबीर?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभागृहाची एक भिंत मराठी संगीतकारांच्या तसबिरींसाठी राखून ठेवावी, असे ठरले तेव्हा काम सोपे वाटले होते. नावे सुचविण्याची वेळ येताच मात्र सभेचा रंग पालटला. बालगंधर्व, केसरबाई, भीमसेन यांच्याविषयी दुमत नव्हते. अडले ते लोकप्रिय संगीतापाशी. चित्रपटातील गाण्यांना चाली देणाऱ्याची तसबीर या थोरांच्या ओळीत लावावी काय? कोणी म्हणाले, सरकारी सन्मानांची यादी पुढे ठेवा, म्हणजे वाद मिटेल. कोणी म्हणाले, घरोघरी ज्याचे गाणे, तोच मोठा. निर्णय पुढच्या सभेवर गेला. मधल्या काळात आम्ही जुने संदर्भ चाळू लागलो, तेव्हा ध्यानी आले की हाच प्रश्न याच दिल्लीत पूर्वी एका मराठी माणसाने साऱ्या देशासाठी सोडवून पाहिला होता.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. संगीताची त्यांना मनापासून आवड होती. संस्थानांचा आश्रय संपल्यावर गवयांना आधार कोणाचा, ही त्यांची चिंता खरी होती, आणि तो आधार आकाशवाणीने द्यावा असा त्यांचा निश्चय होता. १९५२ साली शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. खेड्यातील श्रोत्यालाही मोठे गवई ऐकावयास मिळू लागले. या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु त्यांच्या मानाच्या भिंतीवर चित्रपटसंगीताला जागा नव्हती. ते उथळ आहे, पाश्चात्त्य चालींच्या आहारी गेलेले आहे, असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वाटा प्रथम घटला, आणि पुढे निर्मात्यांशी झालेल्या वादात ती गीते जवळजवळ नाहीशीच झाली. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. १९५२ च्या अखेरीस तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. श्रोत्यांची पत्रे येत, गाण्यांच्या पायऱ्या ठरत, आणि अमीन सयानींच्या आवाजात त्या जाहीर होत. दिल्लीने नाकारलेला मान श्रोत्यांनी पत्रे पाठवून बहाल केला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली व चित्रपटगीते सन्मानाने परत आली.

गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक यादीत पहिला मान ‘अनारकली’ चित्रपटातील एका गीतास मिळाला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर. त्यांची गोष्ट केसकरांच्या आक्षेपालाच उत्तर देते. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले, आणि ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत गिटार, सॅक्सोफोन व पाश्चात्त्य ठेका बिनदिक्कत वापरला. त्याच हाताने ‘अनारकली’तील रागदारीच्या वळणाची गाणी घडविली. उसने घेतलेले आणि वारशाने आलेले, दोन्ही त्यांनी आपलेसे करून दाखविले.

आणि मग २७ जानेवारी १९६३ चा दिवस आला. चीनच्या आक्रमणाची जखम ताजी होती. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, राष्ट्रपती राधाकृष्णन व पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत, लता मंगेशकरांनी हुतात्म्यांच्या स्मरणाचे गीत गायिले. नेहरूंचे डोळे पाणावल्याचे सर्वश्रुत आहे. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्रांची. ज्या संगीताला दहा वर्षांपूर्वी दिल्लीच्या नभोवाणीने दाराबाहेर ठेवले होते, त्याच संगीताच्या कारागिराने राष्ट्राच्या दुःखाला वाट करून दिली.

पुढे या तिघांना काय मिळाले? लताबाईंना १९८९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि २००१ साली भारतरत्न लाभले. त्या सर्वथा त्यास पात्र होत्या. कवी प्रदीप यांना १९९७ सालचा फाळके पुरस्कार लाभला. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी गेले. पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव आढळत नाही. आजही प्रत्येक प्रजासत्ताक दिनी ते गीत आपल्या वसाहतींतून घुमते, आणि चाल कोणाची हे विचारले तर आपलीच मुले निरुत्तर होतात.

यावरून सन्मानाच्या याद्या खोट्या असतात असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्या आपल्या काळाच्या नजरेने पाहतात, इतकेच. ‘महल’ (१९४९) च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. फिल्मफेअरचे पारितोषिकही पार्श्वगायनासाठी १९५९ पर्यंत नव्हते. तेव्हा आवाज निनावी होता; तो पुढे आला तसा चालीचा कर्ता मागे सरला. त्याच्याही मागे कोणी उभा असतोच. ‘अलबेला’तील वाद्यवृंदात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा होता, त्यांचे नाव आज कितीजणांना आठवते?

सन्मान पुष्कळदा उशिरा येतो, हेही खरे. लावणी घराघरांत पोहोचविणाऱ्या सुलोचना चव्हाण यांना पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. सरकारी यादीची वाट पाहत बसलो असतो तर आयुष्यभर त्यांची तसबीर आपल्या भिंतीवर लागली नसती. आणि केवळ मतांची मोजणी केली असती, तर एका हंगामापुरते गाजलेले कितीतरी जण तेथे येऊन बसले असते.

म्हणून पुढच्या सभेत आम्ही एक साधी कसोटी मांडणार आहोत. हा माणूस नसता तर आपले गाणे आज जसे आहे तसे असते काय? ज्याच्याविषयी उत्तर ‘नसते’ असे येईल, त्याला जागा द्यावी. मग तो मैफलीतला असो, फडातला असो वा चित्रपटातला. केसकरांनी गवयांसाठी हाच प्रश्न विचारला होता. त्यांचे चुकले ते एवढेच की तो त्यांनी इतरांसाठी विचारला नाही.

या कसोटीने आमच्यापुरते पहिले नाव ठरले आहे. २७ जानेवारीस तसबीर लावावी, आणि खाली पुरस्कारांची यादी न लिहिता पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी काय केले ते दोन ओळींत लिहावे. शेजारची एक चौकट तूर्त रिकामी ठेवावी, असेही आमचे मागणे आहे. ज्यांची नावे ध्वनिमुद्रिकेवर कधी छापलीच गेली नाहीत, त्यांच्यासाठी ती असेल; वाचकांपैकी कोणास एखादे नाव ठाऊक असल्यास त्यांनी मंडळास जरूर कळवावे.