ख्रिस्ती धर्मातील सामूहिक आणि एकांतातील प्रार्थना

ख्रिस्ती धर्मात प्रार्थना एकत्र जमून करावी की केवळ एकांतात, हा प्रश्न येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील एका उपदेशामुळे निर्माण झाला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की, लोकांनी पाहावे म्हणून सभास्थानांत व रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून प्रार्थना करणाऱ्या ढोंग्यांसारखे होऊ नये. खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तवासी पित्याची प्रार्थना करावी. बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ सामूहिक उपासना करतात आणि या वचनाचा अर्थ दिखाऊपणाचा निषेध असा लावतात. तथापि हे वचन शब्दशः घेणारेही वेळोवेळी झाले आहेत.

== बायबलमधील आधार ==

मूळ ग्रीक वचनात 'खोली' या अर्थी आलेला शब्द घरातील कोठाराच्या किंवा आतल्या खोलीसाठी वापरला जाई. उपदेशाचे व्याकरणही लक्षणीय आहे. दार लावून प्रार्थना करण्याची सूचना एकवचनात आहे, तर लगेच पुढच्या वचनापासून संबोधन अनेकवचनी होते आणि त्याच ओघात शिकवलेली प्रभूची प्रार्थना 'आमच्या' पित्याला उद्देशून आहे. मराठी बायबलमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' यांमुळे हा फरक वाचकाला सहज कळतो. आधुनिक इंग्रजी भाषांतरांत दोन्हींसाठी एकच सर्वनाम असल्याने तो झाकला जातो. एकांतात म्हणावयाची प्रार्थनाही बहुवचनी असावी, यावर पुढील भाष्यकारांनी बराच भर दिला.

त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, दोघे किंवा तिघे आपल्या नावाने जमतात तेथे आपण उपस्थित असतो, असे आश्वासन येशू देतो. स्वतः येशू पहाटे एकटा रानात जाऊन प्रार्थना करीत असल्याचे मार्क सांगतो. गेथशेमाने बागेत मात्र तो तिघा शिष्यांना बरोबर नेतो, त्यांना जागे राहण्यास सांगतो आणि स्वतः थोडे पुढे जाऊन एकटाच प्रार्थना करतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यरुशलेममधील पहिली मंडळी एकचित्ताने प्रार्थना करताना दिसते; पेत्र तुरुंगात असताना त्याच्यासाठी लोक मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या घरी जमले होते. जुन्या करारातील दानिएलाचे उदाहरण तर बंद दाराच्या अगदी उलट आहे. प्रार्थनेवर बंदी घालणारा राजाचा हुकूम निघाल्यानंतरही तो उघड्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. तेथे लपून प्रार्थना करणे म्हणजे माघार ठरली असती.

== प्राचीन मंडळी व मठ ==

तिसऱ्या शतकातील ओरिजेनने प्रार्थनेवरील ग्रंथात घरातील एखादी शांत जागा प्रार्थनेसाठी राखण्याचा सल्ला दिला. मात्र विश्वासणारे जेथे जमतात त्या जागेला विशेष सामर्थ्य असते, असेही म्हटले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने सुमारे इ.स. २५२ मध्ये प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिलेल्या पुस्तिकेत ख्रिस्ती प्रार्थना सार्वजनिक व सर्वांसाठी असल्याचे प्रतिपादन केले. त्याच पुस्तिकेत तो आरडाओरड न करता, हन्नाप्रमाणे मनातल्या मनात प्रार्थना करण्यासही सांगतो. म्हणजे एकाच लेखकाला दोन्ही गोष्टी हव्या होत्या, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत या प्रश्नाची व्यावहारिक बाजू दिसते. मठवासीयांनी ठरलेल्या वेळी एकत्र स्तोत्रे गावीत, पण समुदायातील मूक प्रार्थना अगदी थोडक्यात आटोपावी आणि प्रमुखाने खूण करताच सर्वांनी एकत्र उठावे, असे तीत सांगितले आहे. उपासना संपल्यावर प्रार्थनागृहातून निःशब्द बाहेर पडावे, कारण मागे एकट्याने प्रार्थना करू इच्छिणाऱ्या बांधवाला व्यत्यय येता कामा नये.

== एकत्र प्रार्थना हा गुन्हा ==

एकत्र जमण्याचे मोल काय असते, हे इंग्लंडच्या सतराव्या शतकातील इतिहासात ठळकपणे दिसते. १६६४ च्या कायद्याने राजमान्य चर्चच्या पद्धतीबाहेरील उपासनेसाठी एका कुटुंबातील माणसांखेरीज सोळा वर्षांवरील पाच किंवा अधिक व्यक्तींनी जमणे दंडनीय ठरवले. घरात एकट्याने केलेल्या प्रार्थनेला कायद्याची हरकत नव्हती. भीती जमावाची होती. क्वेकर पंथीयांच्या सभांत बराच काळ कोणी बोलतही नसे, तरीही त्यांना अटक होई, कारण गुन्हा उच्चारात नसून जमण्यात होता. 'आम्हाला एकांतात प्रार्थना पुरे' असे म्हटले असते तर या लोकांचा तुरुंगवास टळला असता. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने बहुतेक प्रोटेस्टंट भिन्नमतवादींना दिलासा मिळाला.

== सामूहिक प्रार्थनेचा विरोध ==

वचनाचा शब्दशः अर्थ लावणाऱ्यांत रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय सर्वांत प्रसिद्ध होत. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मसभेने १९०१ मध्ये त्यांना चर्चबाहेरचे ठरवल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तरात, मंदिरातील सार्वजनिक प्रार्थना ख्रिस्तानेच निषिद्ध केली आहे व प्रेमात वाढण्याचा मार्ग म्हणजे एकांतातील प्रार्थना, अशी भूमिका मांडली. या मताची अडचण अशी की, येशू स्वतः सभास्थानांत जात असे; टॉलस्टॉय यांचा रोख मात्र मुख्यतः राज्यसत्तेशी जोडलेल्या विधींवर होता.

अमेरिकेत हाच मुद्दा न्यायालयीन वादांच्या निमित्ताने पुढे येतो. १९६२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शासनाने रचलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने कौल दिला, तेव्हा काही ख्रिस्ती टीकाकारांनीच मत्तयाच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवले.

== विसाव्या शतकातील भूमिका ==

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांच्या फिंकेनवाल्डे येथील धर्मशिक्षण केंद्राला नाझी पोलिसांनी १९३७ मध्ये टाळे ठोकले. तेथील सहजीवनावर आधारित, १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी, ज्याला एकटे राहता येत नाही त्याने समुदायापासून आणि जो समुदायात नाही त्याने एकटेपणापासून सावध राहावे, असा विचार मांडला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजातही, सामूहिक प्रार्थनेसाठी बोलावलेल्या ख्रिस्ती माणसाने आपल्या खोलीत जाऊन गुप्तपणेही प्रार्थना केली पाहिजे, असे नमूद आहे.

== महाराष्ट्र व गोवा ==

पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धार्मिक जागृतीत मुली व स्त्रिया एकाच वेळी, प्रत्येकजण आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करीत. या गलबल्यावर टीका झाली आणि रमाबाईंनी त्याचे समर्थन केले. बाहेरच्याला तो गोंधळ वाटे. प्रत्येक मुलगी मात्र तिची स्वतःची प्रार्थना करीत असे, त्यामुळे ही पद्धत सामूहिक म्हणावी की वैयक्तिक, हे ठरवणे सोपे नाही. नारायण वामन टिळक यांच्या भजनांनी मराठी प्रोटेस्टंट उपासनेला एकत्र गाण्याची देशी रीत दिली. गोव्यात कॅथलिक कुटुंबे घरी मिळून जपमाळ म्हणतात, तर घरांत, कपेलांत व वाड्यावरच्या क्रुसापाशी शेजारीपाजारी जमून लदीन गातात.