नागपूरच्या न्हाणीतला दगड

जुन्या घरांतल्या दगडी न्हाण्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आणि आजच्या बाथरूमच्या दगडी फरशा पाच-सात वर्षांत सुटू लागतात, तेव्हा पूर्वीचा दगडच चांगला होता, असं नागपुरात सहज म्हटलं जातं. मला हे पटत नाही. दगडाच्या बाबतीत हे शहर तसं भाग्यवान आहे. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट आहे आणि उत्तरेला कामठी-सिलेवाड्याकडे वालुकाश्म. १८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या परिसरातल्या खडकांतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले आणि पुढे भूशास्त्रात कामठीचं नाव या वालुकाश्मालाच मिळालं. पण न्हाणीच्या दृष्टीने या दोन्ही दगडांत उणीव आहे. बेसॉल्ट कठीण, पाणी फारसं न पिणारा, पण त्याचे पातळ तक्ते निघत नाहीत. त्यामुळे तो जोत्यात आणि पायऱ्यांत गेला. वालुकाश्म घडवायला सोपा, पण पाणी शोषून घेणारा. थराथरांनी सुटणारा शहाबादचा चुनखडक फरशीसाठी सोयीचा, पण तो दूरचा. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, १८७१ मध्ये सोलापूर-रायचूर मार्ग पुरा झाला आणि शहाबादची फरशी दूरदूर जाऊ लागली. म्हणजे जिला आपण जुनी, अस्सल म्हणतो ती न्हाणीतली फरशी बरीचशी रेल्वेची देणगी आहे. शिवाय तिच्यातला चुना आम्लाने विरघळतो. बाटलीतलं अ‍ॅसिड ओतून न्हाणी धुणाऱ्या घरात ती खडबडीत, पांढुरकी होते. अजिंक्य दगड तो हाही नव्हे.

मग ती न्हाणी टिकली कशामुळे? माझ्या मते पाण्याला वाट होती म्हणून. परसात विहिरीजवळ किंवा घराच्या कडेला मोरी असायची. फरशीखाली खडीचा थर आणि घाण्यात मळलेला चुना असे, आणि चुन्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घातली की तो ओलाव्यातही घट्ट होई. ढाळ सरळ उघड्या नाल्याकडे. सांध्यांतून पाणी झिरपलं तरी ते जमिनीत जाई, आणि वैशाखातलं विदर्भाचं ऊन उरलंसुरलं वाळवून टाकी. दगडावर पाणी अडवण्याची जबाबदारी कधी टाकलीच नव्हती.

यावर एक रास्त आक्षेप आहे: हे वर्णन वाड्यांचं झालं, आणि तिथेही पाणी कमी वापरलं जाई कारण ते कोणाला तरी वाहून आणावं लागे. हे खरं आहे आणि ते विसरून जुन्या न्हाणीचं कौतुक करणं अन्यायाचं होईल. घंगाळातलं मोजकं पाणी बायकांच्या आणि गड्यांच्या कष्टाने आलेलं असे. अनेक घरांत तर न्हाणीच नव्हती, आडोशाला टाकलेला एक सपाट धोंडा एवढीच सोय. पण या आक्षेपाने माझा मुद्दा बळकटच होतो. भोसल्यांच्या काळात अंबाझरी तलावाचं पाणी नळांनी राजवाड्यात आणि बागांत जाई. १८७० नंतरच्या दशकात ते शहरात पोचू लागलं आणि न्हाणीतल्या पाण्याचं मोजमाप हळूहळू बदलत गेलं. पुढे स्लॅब आली, न्हाणी माडीवर चढली, शेजारच्याचं छत तिच्याखाली आलं. शॉवरने तर भिंतींनाही भिजवायला सुरुवात केली. दगड तोच राहिला, त्याच्यावरचं काम मात्र दुप्पट झालं.

आता चांगलं सिमेंट आणि चिकटद्रव्यं आली आहेत, तेव्हा जुन्या पद्धतीची आठवण कशाला, असंही कोणी म्हणेल. सिमेंट चुन्यापेक्षा मजबूत आहे, यात वाद नाही. पण ते ताठ असतं आणि नागपूरच्या बऱ्याच भागांतली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया जराही हलला की ताठ थराला तडा जातो, पाणी तिथून आत शिरतं आणि फरशी पोकळ वाजू लागते. गवंडी फरशीला दोष देतो, मालक गवंड्याला, आणि खरा दोष मधल्या थराचा असतो.

म्हणून बाथरूममध्ये दगड बसवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: दगडाच्या भावाची घासाघीस करण्याआधी खालच्या आणि भिंतीतल्या जलरोधक थराची चौकशी करा, ढाळ स्वतः तपासा, आणि फरशी अंथरण्यापूर्वी त्या थरावर किमान एक पूर्ण दिवस पाणी साठवून खालचं छत कोरडं राहतं का ते पाहा.