घुमटचित्रे, प्रबोधनकालीन चर्चमधील
चर्चच्या घुमटाच्या अंतर्भागावर रंगविलेली धार्मिक चित्रे. ख्रिस्ती वास्तुकल्पनेत चौकोनी तळ हा पृथ्वीचा व वर्तुळाकार घुमट हा स्वर्गाचा निदर्शक मानला जातो. या दोहोंना सांधणाऱ्या चार वक्र त्रिकोणांवर बहुधा चार शुभवर्तमानकार रंगवीत. मानव वा देवदूत, सिंह, बैल व गरुड ही अनुक्रमे मत्तय, मार्क, लूक व योहान यांची चिन्हे होत. स्वर्गाचा संदेश त्यांच्याच द्वारे भूतलावर उतरतो, असा या योजनेचा अर्थ.

ही चित्रे मुख्यतः भित्तिलेपचित्रण पद्धतीने काढीत. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालविलेले रंग दिले, की चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घट्ट होतो व रंग भिंतीशी एकजीव होतात. गिलावा सुकण्यापूर्वीच रंगकाम संपवावे लागत असल्याने रोजच्या कामापुरताच गिलावा लावीत.

कोररेज्जोने पार्मा येथील कॅथीड्रलच्या घुमटात १५२६ ते १५३० या काळात मेरीचे स्वर्गारोहण रंगविले. ढगांची व देवदूतांची वलये वर प्रकाशात विरत जातात, त्यामुळे घुमटाचे छतच नाहीसे झाल्याचा भास होतो. खालून पाहताना आकृत्यांचे पाय तेवढे ठळक दिसतात. म्हणून या चित्रास बेडकांच्या कालवणाची उपमा दिली गेल्याची आख्यायिका आहे. भास भक्तीस पोषक की मारक, हा प्रश्न त्यामागे होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांतून लोकशिक्षण व्हावे व त्यांत अनुचित काही नसावे, असे ठरविले. जोर्जो व्हाझारीने फ्लॉरेन्सच्या घुमटात १५७२ मध्ये आरंभिलेले व फेदेरीको झुक्कारीने १५७९ मध्ये पूर्ण केलेले ‘अंतिम न्याय’ हे चित्र थराथरांत मांडलेले आहे. शिखराशी साक्षात्काराच्या ग्रंथातील चोवीस वडील, त्यांखाली देवदूत व संत आणि तळाशी नरक, असा त्याचा क्रम आहे.

पार्माची परंपरा पुढे बरोक काळात रोमला पोहोचली. थिएटाइन संघाच्या सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चच्या घुमटात पार्माच्याच जोव्हान्नी लांफ्रांकोने १६२५ ते १६२७ मध्ये मेरीचे स्वर्गारोहण रंगविले. तेथील शुभवर्तमानकार दोमेनीकीनोचे आहेत. याच संघाचे इटालियन धर्मोपदेशक १६४० मध्ये गोव्यात आले. जुने गोवे येथे त्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवरील असून त्यावर अर्धगोल घुमट आहे. परंतु रोमसारखा चित्रमय स्वर्ग त्याच्या आत नाही. गोव्यात भित्तिचित्रे अपरिचित होती असे नव्हे. सांता मोनिका मठात बायबलमधील प्रसंगांची चित्रे आहेत. सेंट कॅजेटनमध्ये मात्र स्वर्गाची सूचना घुमटाचा आकार व वरून येणारा प्रकाश यांवरच सोपविलेली दिसते. घुमटाचे प्रतीकत्व मूलतः वास्तूत असते आणि चित्र त्याचे विवरण करते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.